डबल काढला तेव्हा

बारामती
१६ सप्टेंबर २०२४

ति. स्व. मानसिंगतात्यांना
दिपालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये पत्त्यांचा डाव नीट मांडता येत नाही, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. एका डावाचा निवाडा हवा आहे. बाबांनीच सुचवलं, "मानसिंगला लिही. तो सांगंल ते मला मान्य हाय." तुम्ही दोघं इतकी वर्षं भिडू होतात, तेव्हा तुम्ही त्यांची बाजू घ्याल असं मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "त्यानं माझी बाजू कधीच घेतली न्हाय. म्हणूनच तर इतकी वर्सं खेळलो."

गेल्या बुधवारचा, आमच्या ब्रिज क्लबातला डाव. समोर इंदापूरची जोडी. माझी पानं अशी: इस्पीक राजा, दश्शी, सत्ती, छक्की, तिर्री. बदाम एकटी दुर्री. चौकट गुलाम, दश्शी, नव्वी, छक्की. किलवर अठ्ठी, सत्ती, चव्वी.

बाबांनी एक इस्पीक लावली. माझ्या उजवीकडच्याने दोन बदाम. मी थेट चार इस्पीक. डावीकडच्याने पाच बदाम. बाबांनी डबल दिला. उजवीकडचा पास. मी तो डबल काढून पाच इस्पीक बोलले.

आमचे दोन हात कमी पडले. मागाहून चौघांची पानं उघडून पाहिली, तर त्यांचे पाच बदामही दोन हातांनी बुडत होते. म्हणजे मोठी कमाई सोडून आम्ही नुकसान घेतलं. बाबा टेबलावरच म्हणाले, "माझा डबल काढायचाच आसंल तर समोर भिडू कशाला हवा?" सगळ्यांनी ऐकलं.

माझं म्हणणं असं की इस्पीक पाच आणि बदाम एकटी, एवढ्या जोरावर पाच इस्पीक बोलणं चूक म्हणता येणार नाही. तुम्ही काय म्हणता?

तब्येतीला जपा. काकूंना नमस्कार.

आपली,
दिपाली


सणसर
२१ सप्टेंबर २०२४

चि. दिपाली हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. डाव मांडून पाहिला. निकाल देतो.

तुझे चार इस्पीक योग्य. त्याबद्दल वाद नाही. त्या एका बोलीने तू भिडूला सांगितलेस की माझ्याकडे इस्पीक पुष्कळ आहेत आणि मोठी पानं फारशी नाहीत. तुझी सगळी गोष्ट सांगून झाली. पुढचा निर्णय आबाजीचा. त्याने डबल दिला, म्हणजे 'पाच बदाम होत नाहीत, ते बुडणार, आता गुण दुप्पट' असे तो म्हणाला. तुझ्याकडे असे काय होते जे तू आधीच सांगितले नव्हतेस? पाच इस्पीक? ते त्याला ठाऊक होते. एकटा बदाम? तोही त्याने धरलाच असणार.

तेव्हा पास. दुसरा कुठलाही पर्याय नाही.

थोडे कडक लिहितो, रागावू नकोस. हल्लीच्या शिकलेल्या खेळाडूंना शेवटचा शब्द आपला असावा असे वाटते. तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेस. पण बोलीत निम्मी माहिती समोरच्या माणसाच्या डोक्यात असते आणि ती मोजता येत नाही, मानावी लागते.

आबाजीला सांग, निकाल त्याच्या बाजूने. पहिल्यांदाच.

मानसिंग


बारामती
२८ ऑक्टोबर २०२४

ति. स्व. तात्यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमचा निकाल बाबांनी क्लबात मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळ्यांना चहा पाजला.

आता जे आधी लिहिलं नाही ते लिहिते. डबल मी पानं बघून काढला नव्हता. डबल बाबांचा होता म्हणून काढला.

गेले सहा-आठ महिने ते कुठल्यातरी भलत्याच बोली लावतात. मी सांभाळून घेते. ते वर गेले की मी खाली ओढते, ते थांबले की मी पुढे जाते. क्लबात लोकांना वाटतं, दिपाली आक्रमक झालीय. खेळताना दोनदा त्यांनी रंग असून दुसरंच पान टाकलं, दंड झाला. एकदा हातातलं पान बराच वेळ बघत बसले, जणू ते कुणाचं आहे हे विचारायचंय.

तीन डाव लिहून पाठवते. सगळी पानं त्यांची.

पहिला. समोरच्यांनी एक इस्पीक लावली, बाबा दोन चौकट बोलले. त्यांच्याकडे चौकट चारच: राजा, राणी, गुलाम, नव्वी. बदामही चार: एक्का, अठ्ठी, छक्की, तिर्री. चार पानांवर दोन चौकट ते आयुष्यात बोलले नसतील.

दुसरा. समोरच्यांनी एक बदाम लावला, मी डबल देऊन बाकीचे रंग विचारले, त्यांनी दोन बदाम केले. बाबांकडे चार इस्पीक आणि चार किलवर होते. अशा वेळी इस्पीक सांगायचे, हे त्यांनीच मला शिकवलं. ते तीन किलवर बोलले.

तिसरा. आम्ही चार इस्पीक, समोरच्यांनी पाच चौकट. बाबांकडे दोन हलक्या चौकट होत्या आणि बदाम चार. डबल द्यायचा सोडून ते पाच इस्पीक बोलले. चौकटीचे दोन्ही हात गेले.

आई गेल्यापासून ते पिंपळीत एकटे राहतात, तुम्हाला माहीतच आहे. स्वयंपाक करतात, विहिरीवरची मोटर चालू-बंद करतात, स्कूटीवरून बारामतीला येतात. विसरायला लागले असतील तर हे सगळं कसं चालायचं? पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबांना अजून सांगितलं नाही. आणखी एक सांगितलेलं नाही. जानेवारीतल्या बारामतीच्या स्पर्धेसाठी मी आमच्या कॉलेजातल्या ग्रंथपालांना, रविराजना, भिडू व्हायला विचारलं. ते हो म्हणाले.

तुम्ही निकाल द्या. तुम्ही 'त्याचा खेळ संपला' म्हणालात तर त्यांना सांगायला मला धीर येईल.

दिवाळीच्या शुभेच्छा.

आपली,
दिपाली


सणसर
११ नोव्हेंबर २०२४

चि. दिपाली हिस आशीर्वाद.

सणामुळे पत्र उशिरा मिळाले. आधी मागच्या निकालाबद्दल. निकाल तोच राहील, पण 'शेवटचा शब्द आपला' वगैरे जे मी लिहिले ते मागे घेतो. तू वेगळ्याच अडचणीत होतीस आणि मला ती दिसली नाही.

तुझे तीन डाव मी टेबलावर मांडले आणि ते तसेच ठेवले. सून वैतागली, कारण जेवायचे टेबल तेच.

ज्याचे डोके चालत नाही त्याची चूक कुठेही होते. बोली विसरतो, कोण काय बोलले ते उलटेपालटे करतो, दोन वेळा सारखे चुकत नाही. आबाजीच्या चुका तशा नाहीत.

पहिल्या डावात बदामाची अठ्ठी उचल आणि चौकटीत ठेव. चौकट पाच झाल्या, राजा-राणी-गुलामासकट. आता दोन चौकट ही उत्तम बोली आहे. दुसऱ्या डावात एक इस्पीक उचलून किलवरमध्ये ठेव. इस्पीक तीन, किलवर पाच. तीन किलवर बरोबर. तिसऱ्यात एक चौकट बदामात ठेव. चौकट एकटीच उरली, म्हणजे त्यांचा तिथे एकच हात होतो. मग पाच इस्पीक मीही बोललो असतो.

लालची गल्लत लालशी, काळ्याची काळ्याशी. लालचा काळा कधीच झाला नाही. आणि पान एकदा हलवले की बोली जुन्या आबाजीसारखी चोख. रंग असून दुसरेच पान टाकले, तेही ह्यातच बसते. तो रंग त्याला हातात दिसलाच नसणार.

माझा निकाल असा की त्याचा विचार शाबूत आहे. त्याला पानं दिसत नाहीत.

मला डॉक्टरी कळत नाही. पण पुण्याच्या आधी बारामतीत डोळे दाखव. त्याआधी एक कर. मागच्या बुधवारचा कुठलाही डाव काढ आणि कोण काय बोलले ते त्याला विचार. घडाघडा सांगेल असे मला वाटते.

आणि त्याला स्कूटी चालवू देऊ नकोस. हे पत्र मिळाल्याबरोबर.

मानसिंग


बारामती
२ डिसेंबर २०२४

ति. स्व. तात्यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी बाबांचा अपघात झाला. घाबरू नका, आता ठीक आहेत.

झालं ते असं. रविराजची गोष्ट त्यांना माझ्याकडून कळायच्या आधी क्लबात कुणीतरी सांगितली. त्या बुधवारी ते खेळायला आले, सगळे डाव खेळले, जाताना मला म्हणाले, "मला आदी सांगायचं हुतं. मी काय न्हाय म्हणलो नसतो." नंतर फोन उचलेनात. रविवारी ते पिंपळीहून माझ्याकडे यायला निघाले. हंगाम नुकताच सुरू झालाय. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, डाव्या बाजूला. भर दुपारी, लख्ख उन्हात ते तिच्यावर जाऊन आदळले. डावं मनगट मोडलं. डोक्याला खोक पडली. ट्रॉलीवाला सारखा सांगत होता, "ताई, मी हललोच न्हाय. गाडी उभीच हाय सकाळपासनं."

दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र हातात पडलं. दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं. मग आत गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, मागच्या बुधवारी इंदापूरवाल्यांनी तीन बिनहुकमी केला तो डाव कसा गेला? बाबांनी पडल्या पडल्या सगळी बोली सांगितली, उतारी कुठली झाली ते सांगितलं, आणि चौथ्या हाताला मी कुठलं पान टाकायला हवं होतं तेही.

त्याच आठवड्यात डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, त्यामुळे पानांच्या खुणा एकमेकांत मिसळतात. डाव्यात शिवाय काचबिंदू. डावीकडचं दिसणं बरंच गेलंय आणि ते परत येणार नाही. उजवा वाचेल, थेंब आयुष्यभर घालायचे. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाताळाच्या आधी.

डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, कधीपासून कमी दिसतंय?" बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "झालं की वरीस." मी शेजारीच उभी होते.

पुण्याची वेळ रद्द केली. बाबा सध्या माझ्याकडे आहेत. बोलतात, पण मोजकं. ते इतके दिवस गप्प का राहिले हे मला कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, चहा कर.

आपली,
दिपाली


पिंपळी
१६ डिसेंबर २०२४

मानसिंग, रामराम.

दिपाली नको म्हणत हुती तरी मी दोन दिसांसाठी घरी आलोय. शेजारचा नागेश सोबतीला झोपतो. पट्टी धरून मोठ्या अक्षरात लिवतोय, वळी वाकड्या झाल्या तर ऱ्हाऊ दे.

तुला डावाचा निकाल द्याय सांगितला हुता, डोळं तपासाय न्हाय. पर आता दिलासच निकाल, तर बाकीचंबी ऐक.

मला ठावं हुतं. काळी दोन्ही एकसारखीच दिसायची, लाल दोन्ही एकसारखीच. मी पान डोळ्याम्होरं आणायचो तर लोक बघायचे. मग अदमासानं लावाय लागलो. बऱ्याचदा बरोबर यायचं. तू जो पयला निकाल दिलास तो डबल मातूर खरा हुता. त्या दिवशी मला खिडकीजवळची जागा मिळाली हुती.

दिपालीला वाटलं माझं डोस्कं फिरलंय. तिच्या तोंडावर दिसायचं मला, तेवढं दिसत हुतं. मी म्हणलं वाटू दे. माणूस येडा झाला तर त्येच्याशी भांडता तरी येतं. आंधळ्याशी कुणी भांडत न्हाय, हाताला धरून नेत्यात. तिची आई गेल्यावर आमी दोघं धड बोललो ते फकस्त बुधवारी, खेळ संपल्यावर, 'तू ही बोली का लावलीस, तुमी ती का लावली' असं. येवढंच बोलणं उरलं हुतं. डोळ्याचं सांगितलं असतं तर तिनं हितलं घर बंद करून मला फ्लॅटात नेलं असतं, सकाळ-संध्याकाळ थेंब घातले असते, आन भांडणं संपली असती.

ट्रॉलीच्या जागी पोरगं उभं असतं तर? त्या रातीपासनं ह्येच डोस्क्यात हाय. स्कूटी इकून टाकली. आता येश्टी.

सोमवारी आपरेशन. दिपालीनं रविराजला न्हाय म्हणते म्हणून सांगितलं, तवा मी तिला गप केलं. शबूद दिला तो दिला. मीबी रिकामा ऱ्हानार न्हाय. आपल्या द्वारकाबाई, हायस्कुलातल्या, त्यांचा भिडू औंदा पोराकडं गेलाय बंगळूरला. त्यांनी मला इचारलं, "आबाजीराव, डोळा उघडला की बसता का?" मी व्हय म्हणलो.

तुझा निकाल बरोबर हुता. राग हाय, पर बरोबर हुता.

आबाजी


सणसर
२० डिसेंबर २०२४

प्रिय आबाजी,

राग राहू दे. ऑपरेशननंतर वाकू नकोस, शिंकताना जपून. माझ्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनवेळी मला सांगितले होते.

एकच गोष्ट तुझ्या लक्षात आणून देतो. तू म्हणतोस, आंधळ्याशी कुणी भांडत नाही. मला फोनवर ऐकू येत नाही हे कळल्यावर तू माझ्याशी भांडायचे थांबलास, हे खरे आहे. पण ते तू थांबलास. मी थांबवले नव्हते.

द्वारकाबाई बोलीत धीट आहेत. त्यांना आवरू नकोस.

मानसिंग


बारामती
२७ जानेवारी २०२५

ति. स्व. तात्यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

स्पर्धा काल संपली. मी आणि रविराज सहावे आलो. बाबा आणि द्वारकाबाई अकरावे. जोड्या चोवीस होत्या. संयोजकांकडून मोठ्या अंकांचे पत्ते मिळतील का असं मी विचारणार होते. बाबांनी विचारू दिलं नाही. उजवा डोळा चांगला उघडला आहे. डावीकडे बघायचं तर मान वळवावी लागते, आणि द्वारकाबाईंचं म्हणणं असं की त्यांनी स्वतः रोज तेवढी मान वळवली असती तर त्यांचा खांदा धरला नसता.

एक डाव कळवते. आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध बसलो होतो. दुपारच्या फेरीत त्यांची जोडी आमच्या टेबलावर आली. बाबा माझ्या डावीकडे, द्वारकाबाई उजवीकडे. बाबांनी पानं लावली, वेळ घेतला, पण एकदाही डोळ्यांजवळ नेली नाहीत.

द्वारकाबाईंनी सुरुवातच तीन बदामाने केली. मी तीन इस्पीक. बाबा चार बदाम. रविराज चार इस्पीक. द्वारकाबाई पास, मी पास. मला वाटलं, झालं, आता खेळायचं. तर बाबांनी पाच बदामाचं कार्ड काढून ठेवलं. अगदी सावकाश, सरळ करून.

रविराज पास, द्वारकाबाई पास. आता माझ्यावर आलं.

तीन वाटा होत्या. पास, डबल, की पाच इस्पीक. मला आठवलं ते बाबांनी मी कॉलेजात असताना शिकवलेलं, की एकाच पानांवर दोनदा बोलू नये. जे बोलायचं ते पहिल्यांदा बोलावं आणि मग तोंड बंद ठेवावं. हा नियम त्यांनी मोडलेला मी कधीही पाहिला नाही. आधी चार बोलून गप्प बसलेला माणूस आता आपणहून पाच बोलतो, तर त्याच्याकडे भलतं काहीतरी असलंच पाहिजे. कदाचित पाच बदाम होतही असतील. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मी पाच इस्पीक बोलले.

एक हात कमी पडला. डाव संपल्यावर बाबांनी आपली पानं उघडी टाकली. तात्या, त्यात काहीही नव्हतं. तीन बारके बदाम, एक राणी, बाकी सगळा कचरा. पाच बदाम तीन हातांनी बुडले असते. मी नुसता डबल द्यायचा होता.

द्वारकाबाई हसत सुटल्या. रविराज सभ्य आहेत, ते गुण लिहीत राहिले.

संध्याकाळी बाबांना पिंपळीला सोडायला गाडी काढली. ते आठवड्याचे तीन दिवस तिकडे राहतात, चार दिवस माझ्याकडे, असं ठरलं आहे. कोण किती दिवस यावरून आमची रोज वादावादी होते. गाव जवळ आलं. मग राहवलं नाही.

मी म्हणाले, "बाबा, एकाच पानांवर दोनदा बोलायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं ना?"

"व्हय," बाबा म्हणाले. "तुलाच शिकवलं हुतं. म्हणून तर ती बोली लावली. दुसऱ्या कुणाम्होरं लावली नसती."

आपली,
दिपाली